परमिट रूममध्ये सिगारेट बंद केली तर गिऱ्हाईक तुटतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीच्या बाजूला मामांची परमिट रूम आता तुम्ही बघताय. खाली जेवणाचा हॉल, वर एसी बार. वर आजवर लोक बिनधास्त सिगारेट ओढत आलेत. तुम्हाला ते बंद करायचंय, पण रोजचं गिऱ्हाईक शेजारच्या बारमध्ये जाईल अशी भीती वाटते, म्हणून मधला मार्ग म्हणजे काचेची स्मोकिंग रूम करावी का, असं विचारताय.

मी या धंद्यात बरीच वर्षं काढली, आधी राजारामपुरीत आणि नंतर हायवेला. माझं म्हणणं सरळ आहे. पूर्ण बंद करा आणि त्या खोलीवर एक रुपयाही घालू नका.

कायद्याचं आधी उरकतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत पब आणि बार नाव घेऊन त्यात आले. त्याच्याही आधी, नोव्हेंबर २००१ मध्ये, मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक जागांवरच्या धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला होता. म्हणजे तुम्ही नवीन काही लादत नाही, जे कधीच लागू आहे ते पाळताय. ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण तक्रार येऊनही मालकानं किंवा मॅनेजरनं काही केलं नाही, तर जितके लोक ओढताना सापडतील तितक्यांचा दंड त्याच्यावर. टेबलावर ॲशट्रे ठेवणं, काडेपेटी किंवा लायटर पुरवणं हेही नियमाविरुद्ध आहे. दारात आणि प्रत्येक मजल्यावर ६० बाय ३० सेंटीमीटरचा बोर्ड लागतो आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव त्यावर लागतं. आणखी एक, जे आपल्याकडं निम्म्या मालकांना माहीत नसतं: नियमांत रेस्टॉरंटच्या व्याख्येतच त्याच्या भोवतीची मोकळी जागा धरली आहे. त्यामुळं ‘आमचं गार्डन उघडं आहे, तिथं चालतं’ हे खरं नाही.

आता स्मोकिंग रूम. ३० किंवा त्याहून जास्त लोक बसण्याची सोय असलेल्या रेस्टॉरंटला ती करता येते. पण कशी? चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा, आणि हॉलपेक्षा आत हवेचा दाब कमी, म्हणजे दार उघडलं तरी धूर हॉलमध्ये येऊ नये. येण्याजाण्याच्या वाटेवर ती खोली चालत नाही. आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर तिथं दुसरी कुठलीही सेवा देता येत नाही. पेग नाही, चखणा नाही, वेटरनं आत जायचंच नाही. दोन-तीन टेबलांची जागा, डक्ट आणि ब्लोअरचा खर्च, वर लाईट बिल, आणि त्यातून गल्ल्यात येणार शून्य. ही खोली करून देणारे लोक येतील, ब्लोअरचे आकडे सांगतील, त्यांचं ऐकू नका. वर एसी स्प्लिट असेल तर तो बाहेरची ताजी हवा आणतच नाही, आतलीच हवा गार करून फिरवतो. धुराचे कण इतके बारीक असतात की त्याच्या साध्या जाळीत ते अडकत नाहीत. एक्झॉस्ट लावला की गारवा जातो, म्हणून रात्री नऊनंतर पोरं तो बंदच करतात, हे तुम्ही बघितलंच असेल.

गिऱ्हाईक तुटण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पहिले काही आठवडे कुरकुर होते, एखादा ग्रुप उठून जातो. पण हिशेब नीट मांडा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के निघाले. तंबाखू कुठल्याही रूपात घेणारे २६.६ टक्के, म्हणजे आपल्याकडचा मोठा भाग खाणारा आहे, ओढणारा नाही. बारमधल्या टेबलांवर ओढणारे त्याहून जास्त असणार हे उघड आहे. तरीही पाच जणांच्या टेबलावर ओढणारे एक-दोन असतात, आणि बाकीचे तिघं-चौघं गप्प बसून सोसतात. कुठं बसायचं हे पाचही जण मिळून ठरवतात, आणि ते ठरतं मटणाच्या चवीवर, दरावर आणि गाडी लावायला जागा आहे का त्यावर. पाच मिनिटं बाहेर जावं लागतं म्हणून जमलेली बैठक मोडून दुसरा बार शोधणारा माणूस विरळा. उलट खालच्या हॉलचा विचार करा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं बाहेरगावचं कुटुंब तांबडा-पांढरा खायला शिरतं, आणि जिन्यावरून धुराचा भपका आला की पोराबाळांना घेऊन तसंच मागं फिरतं. ते तक्रार करत नाही, म्हणून तुमच्या वहीत त्याची नोंदच होत नाही.

परदेशातलं उदाहरण लोक नेहमी उलटं सांगतात, म्हणून ते लिहितो. आयर्लंडनं २९ मार्च २००४ ला देशभरातल्या पबमध्ये धूम्रपान बंद केलं, असं करणारा तो पहिला देश. पबवाले तेव्हा तुमच्यासारखेच घाबरले होते. लोकांनी नियम पाळला, आणि पोलिसांना दारोदार फिरावं लागलं नाही. पबमधली विक्री उतरली, पण ती बंदीच्या आधीपासूनच उतरत होती. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंदी आली आणि नंतर बरेच पब बंद पडले हे खरं आहे. पण त्याच काळात मंदी आली, दारूवरचा कर वाढत गेला, सुपरमार्केटमध्ये स्वस्त बिअर मिळू लागली आणि लोक घरी प्यायला लागले. सगळं खापर सिगारेटवर फोडता येत नाही. मात्र त्यातून घेण्यासारखं एक आहे: ज्या पबमध्ये फक्त दारू मिळायची, धड जेवण नव्हतं आणि बाहेर उभं राहायला जागा नव्हती, त्यांना जास्त झळ बसली. तुमचं किचन चांगलं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. नसेल तर आधी आचारी बघा.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते गिऱ्हाइकाबद्दल नाहीच. गिऱ्हाईक दोन तास बसून घरी जातं. तुमचा वेटर सकाळी अकराला येतो आणि रात्री हॉल धुऊन मगच आडवा होतो, बऱ्याच ठिकाणी त्याच हॉलमध्ये, टेबलं बाजूला सारून, त्याच पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या वासात. कोकणातली, सीमेपलीकडची, नेपाळची विशीतली पोरं असतात. ती स्वतः ओढत नसली तरी सकाळी खोकत उठतात, डोळे लाल असतात, आणि आपण ‘रात्री जागरण झालं’ म्हणून सोडून देतो. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ ला बंदी आली तेव्हा डंडीच्या डॉक्टरांनी बारमध्ये काम करणाऱ्यांची आधी आणि नंतर तपासणी केली. खोकला, दम, डोळे-घसा चुरचुरणं यांपैकी काही ना काही त्रास असणारे आधी ७९ टक्के होते, महिन्याभरात ते ५३ टक्क्यांवर आले. एका महिन्यात! औषध नाही, पथ्य नाही, फक्त हवा बदलली. त्याच देशात हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं दवाखान्यात येणारे पुढच्या वर्षी १७ टक्क्यांनी घटले, आणि शेजारच्या इंग्लंडमध्ये, जिथं तेव्हा बंदी नव्हती, घट ४ टक्केच होती. डबलिनच्या पबमध्ये हवेतले बारीक कण ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. हे आकडे मी मालक लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पगार देतो म्हणजे त्या पोराची छातीही आपण विकत घेतली असं होत नाही.

आता अडचणी, त्या खऱ्या आहेत. सिगारेट बाहेर गेली की माणसं बाहेर जातात आणि आवाजही. राजारामपुरीसारख्या वस्तीत रात्री अकराला दारात सात-आठ जण हसत उभे राहिले की वरच्या मजल्यावरून ओरडा येतो, आणि त्यांचं बरोबर असतं. रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांना त्या घोळक्यातून वाट काढावी लागते. म्हणून ओढायची जागा दारात ठेवू नका, आणि आवारात तर चालतच नाही. फाटकाच्या बाहेर, घरांच्या विरुद्ध बाजूला लोकांना पाठवा. थोटकं टाकायला वाळूचा डबा ठेवायचा झाला तर तोही फाटकाच्या बाहेरच, आणि रोज सकाळी तेवढा रस्ता झाडून घ्या. तुम्ही हायवेला आहात, तिथं शेजाऱ्यांचा त्रास कमी, पण अंधारात गाड्या जोरात येतात, तिथं दिवा हवाच. पावसाळ्यात आपल्याकडं लागून राहिला की चार-चार दिवस उघडत नाही, तेव्हा लोक दारातच घुटमळतात आणि धूर परत आत येतो. तेवढे दिवस मालकानं स्वतः दारात थांबायचं.

ग्लास घेऊन बाहेर जाऊ द्यायचं नाही, परवाना जागेचा आहे, रस्त्याचा नाही. बिल बुडेल ही भीती असते, त्यासाठी टेबलावर एक जण बसून राहिलाच पाहिजे एवढा नियम पुरतो. एकटा असेल तर तोवरचं बिल करून घ्यायचं, ग्लासवर बशी झाकायची आणि टेबल राखून ठेवायचं. परत आल्यावर ते टेबल दुसऱ्याला दिलेलं दिसलं तर मात्र तो माणूस कायमचा तुटतो, आणि ती चूक आपली.

एक लक्षात ठेवा, आत ओढणं थांबलं की काही जण मावा-तंबाखूवर जातात आणि बेसिनमध्ये थुंकतात. त्यालाही पहिल्या दिवसापासून नाही म्हणा.

सांगायचं कुणी? वेटरनं नाही. तालमीतला मोठा माणूस, नगरसेवकाचा भाऊ, मामांचा जुना दोस्त यांना विशीतल्या पोरानं ‘साहेब, बाहेर’ म्हटलं तर शिवी तोच खाणार. पहिले दोन महिने हे काम तुमचं. जवळ जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, ‘पाव्हणं, पोरांना त्रास होतोय, जरा बाहेर चला, मीपण येतो.’ आपल्याकडची माणसं रांगडी आहेत, पण मालक स्वतः उठून आला की मान ठेवतात. आणि सवलत एकालाही नको. मामांच्या दोस्ताला कोपऱ्यातलं टेबल सोडलं की आठ दिवसांत सगळा हॉल पुन्हा धुरात.

सुरुवात श्रावणात करा. निम्मं गिऱ्हाईक महिनाभर पीतही नाही आणि मटणही खात नाही, हॉल रिकामा असतो. पडदे धुऊन घ्या, सोफ्यांचं रेक्झिन बदलायचं असेल तर तेव्हाच बदला, एसी सर्व्हिस करा, भिंतींना रंग द्या. बोर्ड लावाल त्याच दिवशी ॲशट्रे उचलून भंगारात द्या, कपाटात ठेवू नका. गणपती होऊन गर्दी परत येईपर्यंत पोरांनाही सवय झालेली असेल. मामांना मात्र आधी सांगा, आणि त्यांच्या दोस्तांना त्यांच्याच तोंडून कळू दे.