गुळाच्या भावाचं जाळं अभ्यासताना

हे बघ, गुळाच्या भावाची खबर कुणाकडून कुणाकडे जाते त्याचं जाळं काढायचंय ना, मग सॉफ्टवेअर नंतर उघड. आधी हद्द ठरव: नुसते मार्केट यार्डातले गुळाचे अडते, की गुऱ्हाळवालेपण? हद्द चुकली की मधला माणूस कडेला दिसतो. ‘कुणाशी बोलता?’ असं मोघम विचारलंस तर ‘सगळ्यांशीच’ म्हणून मोकळे होतील. ‘काल भाव कुणाला विचारला?’ असं विचार. फोन कुणी कुणाला केला तेही लिही, जाळ्याच्या आकृतीतल्या बाणाची दिशा त्यावरच ठरते.

समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरचा १९७३चा लेख वाचच. नवी खबर बऱ्याचदा जुजबी ओळखीतून येते. जास्त फोन म्हणजे जास्त वजन, असं मात्र धरू नकोस. जाळ्यातल्या इतर दोघा-दोघांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांवर एखादा माणूस किती वेळा येतो, हे समाजशास्त्रज्ञ फ्रीमनचं १९७७चं मोजमाप लाव.

नावांऐवजी क्रमांक टाक. आणि सौद्याच्या वेळी जाऊ नकोस, कोण दारात उभं करून घेणार नाही.