उत्तरेकडच्या लग्नाला जाताय? हिंदीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : पुतण्याचं लग्न लखनौच्या मुलीशी ठरलंय. तीन आठवडे हातात आहेत. हिंदी समजते, पण बोलताना 'मेरे को, तेरे को' येतं. सुरुवात कुठून करू?

'आप'पासून करा. मराठीत आई-आजीला 'तू' म्हणण्यात माया असते. लखनौमध्ये वडीलधाऱ्यांना 'तू' तर दूरच, 'तुम'ही खटकतं. तिथे लहान मुलांशीही 'आप'नं बोलणारी घरं आहेत. 'आप'बरोबर क्रियापदही बदलायला हवं. 'आप बैठो' नाही, 'आप बैठिए'. करना, देना, लेना, पीना यांची रूपं वेगळी होतात, ती पाठच करा : कीजिए, दीजिए, लीजिए, पीजिए. मोठ्या माणसांविषयी बोलतानाही बहुवचन लागतं. आपली 'आजी आली' तिथे 'दादीजी आई हैं' होते. 'है' आणि 'हैं' यांत फरक फक्त नाकातल्या उच्चाराचा, पण सगळा मान त्यातच आहे.

मग 'मेरे को'च्या जागी 'मुझे' आणि 'तेरे को'च्या जागी 'आपको' बसवा.

तिसरी अडचण 'ने'ची. 'मी चहा घेतला' यात 'मी'ला काही लागत नाही, म्हणून तोंडून 'मैं चाय लिया' जातं. बरोबर वाक्य 'मैंने चाय ली'. इथे एकाच वाक्यात दोन चुका होतात, कारण मराठीतला चहा पुल्लिंगी आणि हिंदीतली चाय स्त्रीलिंगी. फोटो, बर्फ, आवाज हेही हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. उलट आपली 'मजा आली', त्यांचा 'मज़ा आया'. भूतकाळात 'ने' बहुतेक सकर्मक क्रियापदांना लागतो, पण 'लाना' आणि 'भूलना' यांना नाही : 'मैं मिठाई लाया हूँ', बाई बोलत असेल तर 'लाई हूँ'. नियम घोकण्यापेक्षा अशी दहा वाक्यं रोज मोठ्यानं म्हणा. जीभ कानापेक्षा उशिरा शिकते.

प्रश्न : नवऱ्या मुलीच्या मोठ्या बहिणीला 'ताई' म्हटलं तर चालेल का?

नाही, आणि हे आधीच विचारलंत ते फार बरं झालं. हिंदीत ताई म्हणजे ताऊंची बायको, म्हणजेच वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. पंचविशीतल्या मुलीला तुम्ही मोठी काकू करून टाकाल. तिला 'दीदी' म्हणा. 'दादा'चंही तसंच : आपला थोरला भाऊ, त्यांचे आजोबा. भावासाठी 'भैया' किंवा 'भाईसाहब' म्हणावं.

आपण जिथे एका शब्दावर भागवतो, तिथे हिंदी दोन वापरते. वडिलांचा थोरला भाऊ ताऊ, धाकटा चाचा. आजोबा वडिलांकडचे असले तर दादा, आईकडचे असले तर नाना. थोरला दीर जेठ, धाकटा देवर. आत्या म्हणजे बुआ आणि तिचे यजमान फूफा. ते घरचे जावई, त्यामुळे त्यांचा मान मोठा. त्यांना नमस्कार करायचं चुकवू नका. व्याही-विहीण म्हणजे समधी-समधन. नातं लक्षात येत नसेल तर 'अंकलजी', 'आंटीजी' कुठेही चालतं.

प्रश्न : पत्रिकेत 'बारात' संध्याकाळची आणि 'फेरे' रात्रीचे आहेत. वरात तर लग्नानंतर निघते ना?

आपली वरात लग्न लागल्यावर नवरीला घेऊन निघते. त्यांची बारात लग्नाआधी नवऱ्या मुलाला घेऊन मांडवात येते, म्हणजे ते आपलं वऱ्हाड. मुलाकडचे ते बाराती, मुलीकडचे घराती. दारात बारातीचं स्वागत होतं, मग जयमाला, म्हणजे हार घालणं. आपल्याकडे हार पडले की लग्न लागलं. तिथे मुख्य विधी अग्नीभोवतीचे फेरे, आणि ते बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर असतात. जयमाला झाली म्हणून निघून आलात तर लग्नच चुकेल. पहाटेची 'विदाई' म्हणजे पाठवणी, 'सगाई' साखरपुडा, 'प्रीतिभोज' जेवण. 'लग्न' हा शब्द हिंदीत मुहूर्ताच्या अर्थी येतो. समारंभाला शादी किंवा विवाह म्हणतात.

वेळ विचारताना एक काळजी घ्या. 'कल' म्हणजे काल आणि उद्याही, 'परसों' म्हणजे परवाचे दोन्ही अर्थ. तारीखच विचारा. डेढ़ म्हणजे दीड, ढाई म्हणजे अडीच.

प्रश्न : माझे उच्चार ऐकताच लोक मराठी ओळखतात. काय सुधारू?

ओळखलं तर बिघडत नाही. पण आपल्या 'चमचा', 'जोडा' यांतले दंत्य च-ज हिंदीत नाहीत; 'चम्मच', 'जोड़ा' म्हणताना 'चंद्र', 'जय' यांतले घ्या. 'है'चा उच्चार 'हइ' नको, 'हॅ'च्या जवळचा हवा. 'मौसी'तला औ 'ऑ'कडे झुकतो. 'भैया' मात्र 'भइया'च.

प्रश्न : पंगतीत आग्रह झाला तर 'नको' कसं म्हणायचं? आणि शुभेच्छा कशा द्यायच्या?

'नको'ला हिंदीत नेमका एक शब्द नाही. त्याच्या जागी नुसतं 'नहीं चाहिए' म्हटलं की तुटक वाटतं. ताटावर हात आडवा धरून 'बस जी, बहुत हो गया' म्हणा. थोडंसं चालणार असेल तर 'बस ज़रा-सा दीजिए'.

शुभेच्छा देताना 'अभिनंदन' नको. हिंदीत त्याचा रोख स्वागत-सत्काराकडे जातो. 'बहुत-बहुत बधाई' किंवा 'शादी मुबारक हो' म्हणा. वयानं मोठे असाल तर जोडप्याला 'सदा सुखी रहो'.

निघताना तर विशेष जपा. 'जातो' म्हणू नये म्हणून आपण 'येतो हं' म्हणतो. त्याचंच 'आता हूँ' केलंत तर अर्थ होतो, 'हा आलोच', आणि यजमान तुमची वाट बघत बसतील. हात जोडून 'अच्छा, अब चलते हैं' म्हणा. ते 'अरे, इतनी जल्दी?' म्हणतील, त्यावर 'फिर मिलेंगे, आप भी हमारे यहाँ आइए'.