रोजचा भाव मोबाइलवर दिसतो, तरी शिकलेला शेतकरीसुद्धा सौद्यात का फसतो?

‘शिकलेला शेतकरीसुद्धा’ हे वाचलं आणि राहवलं नाही. आमचे धाकटे भाऊजी पुण्यात नोकरीला आहेत, तेही दर दिवाळीला हेच ऐकवतात: तुम्हाला हिशेब कळत नाही.

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. एका मार्चात माल तयार, गोडी भरलेली, आणि आभाळ भरून आलं. मणी तडकले तर वर्ष गेलं, त्यामुळे घरात कुणाला जेवण सुचत नव्हतं. नेमका त्याच संध्याकाळी एक व्यापारी आला. आधीचा 32 रुपये किलो बोलून गेला होता, हा थेट 34 म्हणाला. आमच्या ह्यांचा डोळा मोबाइलवरच्या ढगांवर, ‘घेऊन जा’ म्हणायच्या बेतात. मी चहा पुढे करत विचारलं, काट, म्हणजे वजनातून कापून घ्यायचा माल, किती आणि पैसे कधी? वीस किलोच्या क्रेटमागे दीड किलो काट, पैसे माल विकल्यावर! आधीच्याची काट नव्हती आणि व्यवहार रोखीचा. म्हणजे त्याच्याकडे क्रेटचे 640, ह्याच्याकडे 629, तेही उधार. आधीच्यालाच फोन लावला. (पाऊस आमच्याकडे आलाच नाही, निफाडकडे गेला.)

हा 34 वाला आभाळ बघूनच आला होता. दोन रुपये चढवले की आपण भावातच गुंततो, हे त्याला पक्कं ठाऊक. मोबाइलवर भाव दिसतो, काट आणि उधारी कुठे दिसते?

2013 साली ‘सायन्स’मध्ये तमिळनाडूतल्या ऊसवाल्यांचा अभ्यास छापून आला. तोडणीआधी, पैशाची ओढाताण असताना, बुद्धीच्या चाचणीत त्यांना कमी गुण मिळाले; तोडणीनंतर त्याच माणसांना जास्त. भाऊजींना सांगितलं तर म्हणतात, ऊसवाल्यांचं वेगळं असतं.

माझं स्पष्ट मत: ज्याच्या डोक्यात फवारणी आणि पाऊस आहे, त्यानं सौद्याला बसू नये. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बसावं, आणि भावाच्या आधी काट विचारावी. सगळे व्यापारी तसे नसतात हेही खरं. आमचा आधीचा आजही येतो. आणि एकट्यानं बाग सांभाळणाऱ्याला हा सल्ला काही कामाचा नाही.

सौद्याला बाईमाणूस बसवू नये, असंही भाऊजींचं मत आहे. यंदा खुड्याला रजा काढून ‘मदतीला’ येणार म्हणतात. येऊ देत, क्रेट मोजायला माणूस हवाच आहे.