मोटारसायकलचे ऑइल आणि रोजची निगा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे इंजिन ऑइलविषयीच होती. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझी १०० सीसीची स्प्लेंडर २०१५ सालची असून ती ४८ हजार किलोमीटर चालली आहे. तिच्यावरून मी रोज हिंगणा एमआयडीसीत कामाला जातो. आमचे मेकॅनिक म्हणतात, की नागपूरच्या उन्हाळ्यात आणि एवढ्या रनिंगनंतर १०डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल उपयोगाचे नाही, २०डब्ल्यू-५० टाकावे. ऑइलच्या दुकानदाराचा आग्रह मात्र कारसाठीच्या महागड्या फुल्ली सिंथेटिक ऑइलचा आहे. मी कोणाचे ऐकावे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत १०डब्ल्यू-३० हा ग्रेड दिलेला आहे आणि तो देताना कंपनीने विदर्भातला उन्हाळा विचारात घेतला नसेल, असे मानण्याचे काही कारण नाही.

डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला ऑइल किती घट्ट राहते हे सांगतो. ‘३०’ म्हणजे त्या तापमानाला साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचे एकक) आणि ‘५०’ म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक. याचा अर्थ असा, की बाहेर ४५ अंश तापमान असताना ऑइल पाण्यासारखे होईल ही भीती गैरलागू आहे, कारण हा आकडा मुळातच तापलेल्या इंजिनासाठी ठरवलेला असतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे. त्याची चाचणी शून्याच्या बरीच खाली होते, त्यामुळे तो आपल्याकडे निरर्थक वाटतो; पण सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) किती लवकर पोहोचते, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते. इंजिनाची पुष्कळशी झीज सुरू होण्याच्या त्या पहिल्या काही क्षणांतच होते. घट्ट ऑइल तेथे उशिरा पोहोचते, पंपावर ताण आणते आणि अ‍ॅव्हरेजही थोडे कमी करते. २०डब्ल्यू-५० हे वाईट ऑइल आहे असे नव्हे. पल्सरच्या अनेक मॉडेल्ससाठी कंपनीनेच ते सुचवलेले आहे, पण त्या इंजिनांची रचना तशी आहे.

जुन्या इंजिनात घट्ट ऑइल टाकल्याने आवाज कमी होतो, हे मेकॅनिकचे निरीक्षण खरे आहे. आवाज दबतो, झीज मात्र भरून येत नाही. आपली गाडी ऑइल खात नसेल आणि निळा धूर सोडत नसेल, तर ४८ हजार किलोमीटर हे ग्रेड बदलण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता कारच्या ऑइलविषयी. कारमध्ये इंजिनाचे ऑइल फक्त इंजिनालाच सांभाळते. गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते आणि क्लच कोरडा असतो. आपल्या मोटारसायकलमध्ये मात्र एक लिटरपेक्षाही कमी ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांचीही कामे करते, आणि क्लच प्लेट्स त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या अनेक नव्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायने मिसळलेली असतात. पिस्टनला ती मानवतात. क्लच प्लेट्सना मात्र एकमेकींना घट्ट धरून ठेवायला घर्षणच हवे असते. ते कमी झाले की क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही आणि हा दोष डबलसीट चढ चढताना सर्वांत आधी जाणवतो.

याच अडचणीवर उपाय म्हणून १९९८ मध्ये जपानच्या जासो या संस्थेने चारचाकी नव्हे तर चार-स्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी स्वतंत्र मानक आणले. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले असते; ही ओल्या क्लचसाठीची ऑइल्स होत. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल असून ते क्लच ऑइलमध्ये नसलेल्या गिअरलेस स्कूटरसाठी असते. म्हणून घरात अ‍ॅक्टिव्हा आणि मोटारसायकल अशा दोन गाड्या असतील, तर स्कूटरचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये टाकण्याचा मोह टाळावा. एपीआय या अमेरिकी संस्थेची ‘एसजे’, ‘एसएल’, ‘एसएन’ ही अक्षरे इंजिनाच्या संरक्षणाची पातळी सांगतात आणि साधारणपणे पुढचे अक्षर अधिक नव्या कसोटीचे असते, परंतु क्लचविषयी ती काहीही हमी देत नाहीत.

तेव्हा आपल्यासाठी निवड सोपी आहे : १०डब्ल्यू-३०, जासो एमए किंवा एमए२, आणि पुस्तिकेत सांगितलेली किंवा त्यापुढची एपीआय पातळी. एवढे जुळले की ऑइल मिनरल असो वा सेमी सिंथेटिक, कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचे चालेल. मोटारसायकलसाठीचे फुल्ली सिंथेटिक टाकल्यास नुकसान काहीच नाही, पण त्याचे खरे गुण फार तापणाऱ्या, सतत वरच्या आरपीएमवर चालणाऱ्या इंजिनात दिसतात. कामावर जाण्या-येण्याच्या १०० सीसी गाडीत त्या जादा पैशांचा मोबदला मिळत नाही, असे आमचे मत आहे. तेच पैसे वेळच्या वेळी साधे ऑइल बदलण्यावर खर्च करावेत.

प्रश्न : नवे ऑइल टाकून हजार किलोमीटरही झाले नाहीत, तोच ते काळे दिसू लागले. ऑइल बनावट आहे का? ते लगेच बदलावे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : रंगावरून ऑइलची परीक्षा करू नये. ऑइलमध्ये डिटर्जंट असते आणि काजळी सुटी करून ती आपल्यात धरून ठेवणे हेच त्याचे काम असल्याने, काळे पडलेले ऑइल बहुधा आपले काम नीट करत असते. त्यापेक्षा गिअरकडे लक्ष द्यावे. गिअरच्या दात्यांमध्ये चिरडून ऑइलमधील घट्टपणा टिकवणारे घटक तुटत जातात आणि पूर्वी अलगद पडणारे गिअर खडखडत पडू लागतात. गिअर अडखळू लागला आणि न्यूट्रल सापडेनासा झाला, की ऑइल थकले असे समजावे. अर्थात क्लचची केबल योग्य ताणलेली आहे ना, हे आधी पाहावे.

रंगाची चिंता करणारे अनेक जण पातळी मात्र वर्षभर पाहत नाहीत, आणि आमच्या मते इंजिने बसण्याचे मोठे कारण चुकीचे ऑइल नसून कमी ऑइल हे आहे. एकूण ऑइलच जेमतेम ८००-९०० मिलिलिटर असते, त्यातले २०० मिलिलिटर जळून गेले तर जवळजवळ चौथा हिस्सा संपला. पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी सपाट जमिनीवर डबल स्टँडला लावून, इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग ऑइल मोजायची पट्टी काढून, पुसून पुन्हा घालून पाहावे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. फिरवून बसवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ज्या गाड्यांना काचेची खिडकी असते, तेथे गाडी सरळ उभी असताना पातळी दोन खुणांच्या मध्ये दिसली पाहिजे. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणेही अपायकारक असते, कारण जादा ऑइल फेसाळते आणि ब्रीदरवाटे (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) एअर फिल्टरमध्ये जाऊ शकते.

पातळी वारंवार उतरत असेल तर धूर पाहावा. सकाळी सुरू करताना तेवढा निळा धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्यावा. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर सतत येत असेल, तर पिस्टन रिंग आणि बोअर तपासून घ्यावे.

प्रश्न : मागील पुरात आमच्या शेजाऱ्यांची गाडी रात्रभर पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी किक मारली आणि इंजिन जाम झाले. असे झाल्यास नेमके काय करावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : चिपळूणने जुलै २०२१ मध्ये जे पाहिले, त्यानंतर हा प्रश्न कोकणात केवळ पुस्तकी राहिलेला नाही. बुडालेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारू नये, चावीसुद्धा फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

प्रथम बॅटरीची वायर सोडावी. स्पार्क प्लग काढावा आणि प्लग काढलेल्या स्थितीतच किक हाताने हळूहळू फिरवून पाणी बाहेर पडू द्यावे. ऑइलचा खालचा बोल्ट काढल्यावर तळाशी साचलेले पाणी आधी बाहेर येईल, मग दुधाळ ऑइल येईल. एअर फिल्टर बदलावा, सायलेन्सरमधले पाणी काढावे, कार्ब्युरेटर आणि टाकीतले पेट्रोलही उपसून टाकावे. स्वस्त पण योग्य ग्रेडचे ऑइल भरून गाडी काही मिनिटे चालवावी आणि ते ऑइल पुन्हा काढून टाकावे. एका बदलाने सगळे पाणी निघत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र हे घरी न करता गाडी उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावी. विमा फक्त थर्ड पार्टी असेल, तर पुराची भरपाई मिळत नाही. पूर्ण विमा असेल, तर गाडीला हात लावण्यापूर्वी छायाचित्रे काढून कंपनीला कळवावे, कारण बुडालेले इंजिन सुरू करून झालेले नुकसान नाकारले जाण्याची शक्यता असते.

पूर नसतानाही पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाबरू नये. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर इंजिन पुरते तापत नाही आणि आतला दमटपणा तसाच राहतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. पट्टीवरचे ऑइलच दुधाळ दिसले, तर मात्र ते बदलावे.

प्रश्न : घरात ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० ऑइल नेहमीच शिल्लक असते. ते मोटारसायकलला चालेल का? – एक वाचक, वाशीम

उत्तर : अडीअडचणीला, पातळी धोक्याच्या खाली गेली असताना चार दिवसांसाठी चालेल, ऑइलविना चालवण्यापेक्षा ते केव्हाही बरे. नेहमीसाठी नको. त्यात क्लच घसरवणारी रसायने असतीलच असे नाही, पण मोटारसायकलच्या क्लचवर त्याची कसोटीही झालेली नसते.

प्रश्न : बीएस६ गाडीची घरच्या घरी काय काळजी घ्यावी? एअर फिल्टर पेट्रोलने धुतला तर चालतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर : फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे यावर ते अवलंबून आहे. स्पंजाचा फिल्टर धुता येतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो धुवायचाही नसतो आणि हवेने फुंकायचाही नसतो, साधारण १५-१६ हजार किलोमीटरला बदलायचा असतो. धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच बदलावा.

बीएस६सारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल तळाला जाईपर्यंत गाडी चालवू नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. चेनचा झोल बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर अपेक्षित असतो. तो चाक फिरवत चार ठिकाणी मोजावा, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. चेन रॉकेलने पुसून ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे, इंजिनातून काढलेले काळे ऑइल नव्हे. त्यातली काजळी आणि धातूचे कण चेनच्या सांध्यांत जातात. टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. मागच्या चाकासाठी एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा असतो.

प्रश्न : ऑइल घरी बदलताना कोणती दक्षता घ्यावी आणि जुन्या ऑइलचे काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : इंजिन कोमट असताना बोल्ट सोडावा आणि बसवताना वायसर नवा घालावा. बोल्ट लोखंडी आणि इंजिनाचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने, लांब पान्याने जोर लावला तर आटे जातात आणि वीस रुपयांचे काम हजारांत जाते. ऑइल गाळणारी जाळी काढता येत असेल, तर ती धुऊन बसवावी.

जुने ऑइल वाळवीसाठी लाकडाला लावण्याची किंवा बांधावर ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी. वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे आणि विहिरीजवळच्या जमिनीत तर ते मुळीच जाऊ नये. रिकाम्या डब्यातच भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. आपल्याकडे राहिलेले रिकामे डबे भंगारात देण्यापूर्वी मात्र सुरीने कापावेत, म्हणजे त्यांत बनावट ऑइल भरून कोणी पुन्हा विकू शकणार नाही.