संगणक-शंका : वेगवान ८ जीबी की ऐसपैस १२ जीबी?

प्रश्न : माझी मुलगी ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला असून घरी ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर काम करते. धाकटा मुलगा संध्याकाळी त्याच संगणकावर गेम खेळतो. संगणकात आय-५ १०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचे जुने ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा, ६० हर्ट्झचा आहे. लॅमिंग्टन रोडवरील एक दुकानदार एनव्हीडियाचे नवे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड (८ जीबी मेमरीचे) घ्या म्हणतो, तर दुसरा त्याहून पुष्कळ कमी किमतीत वापरलेले आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) देऊ करतो. इंटरनेटवरच्या वेगचाचण्यांच्या आलेखांत ४०६० पुढे दिसते, पण मुलीचे शिक्षक १२ जीबीचाच आग्रह धरतात. कोणाचे खरे मानावे?
— एक पालक, दादर

उत्तर : दोघांचेही खरे आहे. आलेख कार्डाचा वेग सांगतो आणि शिक्षक त्यातल्या मेमरीच्या जागेबद्दल बोलत आहेत. आपल्या घरी या दोहोंपैकी नेमके काय अपुरे पडते आहे, हे आधी पाहावे लागेल.

प्रथम वेगाचा हिशेब. ३०६० हे फेब्रुवारी २०२१मध्ये बाजारात आले आणि ४०६० जून २०२३मध्ये. जुन्या कार्डात ३५८४ कोर (गणिते करणारे छोटे घटक) आहेत, नव्यात ३०७२च. तरीही नवे कार्ड पुढे जाते, कारण त्याची चिप अधिक प्रगत प्रक्रियेने बनलेली असून बऱ्याच जास्त क्लॉकवर, म्हणजे अधिक जलद ठोक्यांनी, चालते. त्यामुळे १०८० पिक्सेलला बहुतेक गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे राहते, आणि तेही १७० वॅटऐवजी ११५ वॅटमध्ये. ब्लेंडरमध्येसुद्धा, दृश्य मेमरीत मावत असेल तोवर, ते रेंडर, म्हणजे दृश्यातून अंतिम चित्र बनवण्याचे काम, बऱ्यापैकी लवकर संपवते.

मात्र आलेख वाचताना एक पथ्य पाळावे. ४०६०मध्ये डीएलएसएस या एनव्हीडियाच्या तंत्रातील फ्रेम जनरेशनची सोय आहे, ३०६०मध्ये त्या तंत्रातली ही एक सोय नाही. तीत दोन खऱ्या फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, मध्ये एक फ्रेम कार्ड स्वतः रचून घालते. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. ही सोय चालू ठेवून काढलेला आकडा दुसऱ्या कार्डाच्या साध्या आकड्याशेजारी मांडणे म्हणजे तुलना नव्हे, जाहिरात होय. त्याचप्रमाणे केवळ सरासरी फ्रेमसंख्येवर विसंबू नये. सरासरी सेकंदाला ८० फ्रेमची असूनही मधूनच गेम अडखळू शकतो; ते अडखळणे 'एक टक्का लो' (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग) या नावाने दिलेल्या आकड्यात उघड होते.

आपल्या मुलाच्या बाबतीत हा वाद आणखी सौम्य होतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६०च चित्रे दाखवतो. एक कार्ड ७० आणि दुसरे ८४ फ्रेम देत असेल, तर तो फरक आलेखात ठसठशीत दिसेल, पण त्या पडद्यावर जवळजवळ जाणवणार नाही. शिवाय ज्या गेममध्ये आय-५ १०४०० हाच कमी पडतो, तिथे दोन्ही कार्डांचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ येतील, कारण चाचणी घेणारे बहुधा आपल्यापेक्षा कितीतरी ताकदवान प्रोसेसर वापरतात.

आता जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच निर्णायक आहे. ३०६०ची मेमरी १९२ बिटच्या मार्गाने सेकंदाला ३६० जीबी माहिती पुरवते. ४०६०चा मार्ग १२८ बिटचा असून पुरवठा २७२ जीबी आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या चिपमध्ये एल-२ कॅशे (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबीवर नेलेला आहे, आणि गेममध्ये ती युक्ती चांगली साधते. परंतु कॅशे म्हणजे कोठार नव्हे. ब्लेंडरच्या दृश्यातील मॉडेल, टेक्स्चर आणि केस-गवतासारखे तपशील ८ जीबीत मावले नाहीत, तर उरलेला भाग संगणकाच्या साध्या रॅममधून ओढावा लागतो आणि रेंडर कूर्मगतीने चालतो, किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतो.

इथे आपल्या मदरबोर्डाचाही संबंध येतो. दहाव्या पिढीचा हा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेसची (ग्राफिक्स कार्ड ज्या जोडणीत बसते तिची) तिसरी आवृत्तीच देतो. ४०६० या जोडणीच्या आठच लेन (माहितीच्या मार्गिका) वापरते, त्यामुळे आपल्या संगणकात त्याला सेकंदाला सुमारे ८ जीबीचा रस्ता मिळेल. सोळा लेन वापरणाऱ्या ३०६०ला त्याच्या दुप्पट. एरवी गेममध्ये हा फरक नगण्य असतो, पण मेमरी ओसंडू लागली की नेमका हाच रस्ता तुंबतो. म्हणजे ज्या कार्डात जागा कमी, त्याचाच रस्ताही अरुंद.

म्हणून खरेदीपूर्वी मुलीला एक काम सांगा. संस्थेतील मोठ्या कार्डाच्या संगणकावर वरच्या वर्गातील एखादा जड प्रकल्प उघडून रेंडर सुरू करावा आणि टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स भागात, जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) या नावाखाली, डेडिकेटेड मेमरी कुठवर चढते ते पाहावे. आकडा ६ जीबीच्या आतच राहत असेल, तर नवे ४०६० निर्धास्तपणे घ्यावे. तो ७च्या पुढे जात असेल, तर शिक्षकांचे ऐकावे. अभ्यासक्रमाची पुढची वर्षे ध्यानात घेता माझा कल १२ जीबीकडे आहे, मात्र कार्ड तपासून घेतले तरच.

तपासणीत कुचराई नको. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डे राबवून चलन मिळवणे) बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यात ३०६०ही होती. दुकानात कार्ड चालू करून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडायला सांगावे. मेमरी १२२८८ एमबी आणि मार्ग १९२ बिट असे दोन्ही दिसले पाहिजे, कारण याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटची एक आवृत्तीही निघाली होती आणि ती स्पष्टपणे मंद आहे. लेनच्या (बस इंटरफेस) रकान्यात संगणक स्वस्थ असताना १.१ असा आकडा दिसला तर दचकू नये, शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवली की तो वर चढतो. त्यानंतर फरमार्क ही कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी पंधरा मिनिटे चालवून पंख्यांची खरखर ऐकावी, तापमान पाहावे, आणि मागच्या पत्र्यावर व स्क्रूंवर गंज आहे का तेही बघावे. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकर चढतो. पक्के बिल आणि त्यावर अनुक्रमांक मिळत नसेल, तर स्वस्ताईचा मोह सोडून नवे कार्ड घेणे बरे.

एसएमपीएसचा खर्चही याच हिशेबात धरावा. दोन्ही कार्डांसाठी कंपनी ५५० वॅटची शिफारस करते. नामांकित ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ४०६० निभावून जाईल, पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्यावर ३०६० लावण्याचे धाडस मी करणार नाही. विजेचे म्हणाल, तर ५५ वॅटचा फरक रोज चार तासांच्या पूर्ण भाराने वर्षाला सुमारे ८० युनिट होतो; युनिटला १० रुपये धरले तरी ८०० रुपये. त्यावरून निर्णय बदलू नये.

प्रश्न : माझ्या आणि मित्राच्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०६०च आहे, प्रोसेसरही सारखाच, तरीही त्याच्याकडे तोच गेम बराच वेगाने चालतो. माझे कार्ड सदोष आहे का?
— एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : बहुधा नाही. लॅपटॉपमधील ४०६०ला किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते आणि ती मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही असू शकते. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये ती सहसा कमी ठेवतात. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा दिलेला असतो. दोघांनी तो ताडून पाहावा. आकडे सारखे निघाले, तर रॅमच्या एकाऐवजी दोन पट्ट्या आहेत का, चार्जर जोडलेला आहे का आणि परफॉर्मन्स मोड चालू आहे का, हे याच क्रमाने तपासावे. एवढे करूनही तफावत राहिली, तरच सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी.