वाचकांचे प्रश्न : कमांड लाइनवर हात जलद कसा चालावा?

प्रश्न : इंदुरातील एका खासगी कार्यालयात सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. लांबलचक कमांडच्या सुरुवातीला चूक राहिली की डावा बाण दाबत मागे जावे लागते, जुनी कमांड हवी असली की वरचा बाण दाबत बसावे लागते. शॉर्टकटची मोठी यादी छापून टेबलासमोर लावली, पण त्यातले काही लक्षात राहत नाही. शिवाय मधूनच टर्मिनल (कमांड टंकण्याची खिडकी) गोठते आणि खिडकी बंद करण्यावाचून इलाज उरत नाही. नेमके काय शिकावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ती यादी आधी काढून ठेवावी, असे सुचवतो. आपण बॅशमध्ये, म्हणजे कमांड स्वीकारून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टंकलेली ओळ सांभाळण्याचे काम रीडलाइन नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) करते. ब्रायन फॉक्स यांनी ती जीएनयू प्रकल्पासाठी लिहिली आणि तिच्या कळा ईमॅक्स या एडिटरच्या वळणावर बेतल्या. पायथॉन ही भाषा, पोस्टग्रेस या डेटाबेसचे पीएसक्यूएल अशा कितीतरी ठिकाणी सहसा त्याच कळा चालत असल्यामुळे एकदा बोटांत बसलेली सवय सगळीकडे उपयोगी पडते.

सुरुवात कंट्रोल-ए आणि कंट्रोल-ई या जोडीने करावी. पहिलीने कर्सर ओळीच्या आरंभी जातो, दुसरीने शेवटी. परवानगी नसल्याचे सांगून सर्व्हरने कमांड नाकारली, तर वरचा बाण, कंट्रोल-ए, मग ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) व एक जागा, आणि लगेच एंटर. एंटर दाबण्यापूर्वी कर्सर ओळीच्या शेवटी नेण्याची गरज नसते. तरीही अनुभवी मंडळीसुद्धा तो नेताना दिसतात.

कंट्रोल-यू कर्सरच्या आधीचे आणि कंट्रोल-के कर्सरच्या पुढचे सारे पुसते. मात्र पुसलेले हरवत नाही, कंट्रोल-वायने ते परत येते. त्यामुळे मोठी कमांड लिहून झाल्यावर ‘अरे, फोल्डरमध्ये आधी काय आहे ते पाहायला हवे होते’ असे आठवले, तर कंट्रोल-यूने ओळ बाजूला काढावी, ‘एलएस’ चालवून खात्री करावी आणि कंट्रोल-वायने ओळ पुन्हा पुढ्यात घ्यावी. मागचा एक शब्द पुसण्यासाठी कंट्रोल-डब्ल्यू आहे, पण ती रिकाम्या जागेपर्यंतचे सगळे एकदम खाते, म्हणजे फाइलचा अख्खा पाथ (फोल्डरांच्या नावांसह पूर्ण पत्ता) जातो. ऑल्ट-बॅकस्पेस तिरप्या रेघेपाशी थांबते, म्हणून पाथमधले शेवटचे नाव तेवढे बदलायचे असेल तर तीच बरी. ब्राउझरमधून टर्मिनल चालवणाऱ्यांनी कंट्रोल-डब्ल्यूपासून दूरच राहावे, कारण तिथे टॅबच बंद होण्याची शक्यता असते.

ऑल्ट-टिंब या जोडीची थोरवी फार कमी लोकांना ठाऊक असते. ती आधीच्या कमांडमधला शेवटचा शब्द आणून देते. लांब पाथ देऊन नवे फोल्डर तयार केले की पुढच्या ओळीत ‘सीडी’ (फोल्डरमध्ये जाण्याची कमांड) व एक जागा लिहून ऑल्ट-टिंब दाबावे. पाथ पुन्हा टंकावा लागत नाही.

परंतु आपला सर्वांत जास्त वेळ वाचेल तो कंट्रोल-आरमुळे. ती दाबून जुन्या कमांडमधला एखादा तुकडा, समजा बॅकअप फोल्डरच्या नावातली चार अक्षरे, लिहिला की तो असलेली अलीकडची कमांड समोर येते. पुन्हा कंट्रोल-आर दाबले की त्याहून जुनी. इथे एंटर दाबले तर कमांड तत्क्षणी चालते, म्हणून आधी उजवा बाण दाबून ती नीट वाचावी. काही पुसणारी कमांड असेल तर विशेषच. कंट्रोल-जीने शोध सोडून देता येतो. बॅश मुळात ५०० कमांडच लक्षात ठेवते. ‘हिस्टसाइझ’ व ‘हिस्टफाइलसाइझ’ या बॅशच्या सेटिंगमधल्या दोन्ही किमती वाढवून घेतल्यास शोधाला खरा अर्थ येतो.

आता गोठण्याबद्दल. आपल्या हातून फाइल सेव्ह करण्याच्या सवयीने कंट्रोल-एस दाबली जात असावी. टेलिप्रिंटरच्या काळात समोरून येणारा मजकूर थोपवण्यासाठी ठेवलेला तो संकेत टर्मिनल आजही पाळते. कंट्रोल-क्यू दाबले की प्रवाह पुन्हा सुरू होतो. मात्र दरम्यान घाबरून जे काही टंकले असेल ते रांगेत थांबलेले असते आणि एंटरसह असेल तर सुटताच चालते, म्हणून त्या वेळी कळा बडवू नयेत. हा संकेतच नको असल्यास बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एसटीटीवाय’ ही टर्मिनलची वागणूक बदलणारी कमांड ‘उणे आयएक्सऑन’ या पर्यायासह लिहून ठेवावी. मग कंट्रोल-एस इतिहासातला शोध पुढच्या दिशेने नेण्यासाठी मोकळी होते.

प्रश्न : माझ्या मॅकवर ऑल्टच्या जोड्या चालतच नाहीत, भलतीच चिन्हे उमटतात. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : मॅकवर ते काम ऑप्शन कळीकडे असते, पण टर्मिनलच्या सेटिंगमध्ये प्रोफाइलच्या कीबोर्ड विभागात ऑप्शनला मेटा (म्हणजे ऑल्टचे काम करणारी) कळ म्हणून वापरण्याची खूण करावी लागते. तसे करायचे नसेल तर एस्केप दाबून सोडावी आणि मग पुढची कळ दाबावी, परिणाम तोच. मॅकवर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून नव्या खात्यांना बॅशऐवजी झेडशेल हा तसाच दुसरा प्रोग्रॅम मिळतो आणि त्यात कंट्रोल-यू कर्सर कुठेही असला तरी संपूर्ण ओळ पुसते, एवढा फरक ध्यानात ठेवावा.