वाचकांचे प्रश्न : बाटलीतले पाणी आणि नळाचे पाणी

प्रश्न : पिण्याच्या पाण्यावरून आमच्या घरात काही महिन्यांपासून मतभेद चालू आहेत. बाटलीवर सील असते, उत्पादकाचे नाव असते आणि तक्रार झाली तर त्याचेच नुकसान होते, म्हणून ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा अधिक तपासलेले असणार, असे मुलाचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण त्याला द्यायला माझ्याकडे ठोस उत्तरही नाही. घरात चार महिन्यांचे बाळ असल्यामुळे विषय नुसत्या वादाचा राहिलेला नाही. यांपैकी कोणत्या पाण्याला खरोखर कडक नियम लागू असतात?

उत्तर : ‘कडक’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एखाद्या घटकाची मर्यादा किती ठेवली आहे, ही पहिली. आणि ती पाळली जाते हे किती वेळा तपासावे लागते व तपासणीचा निकाल कोणाला कळवावा लागतो, ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांचा आधार अनेक देश दोन्ही पाण्यांसाठी घेतात, त्यामुळे मर्यादांचे आकडे बहुधा जवळपास असतात. खरी तफावत दुसऱ्या गोष्टीत आढळते, आणि आपल्या चिरंजीवांचा युक्तिवाद नेमका तेथे अडखळतो.

अमेरिकेची व्यवस्था याबाबत बोलकी आहे. तेथे नळाचे पाणी १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्यानुसार पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अखत्यारीत येते, तर बाटलीतले पाणी हा खाद्यपदार्थ मानून अन्न व औषध प्रशासनाकडे सोपवलेले आहे. अतिमोठ्या लोकवस्तीला पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेला कोलिफॉर्म जिवाणूंसाठी (पाण्यात मलदूषण झाल्याची शक्यता दाखवणारे जिवाणू) महिन्याला ४८० पर्यंत नमुने तपासावे लागतात. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला हीच तपासणी आठवड्यातून किमान एकदा केली तरी चालते. वस्ती आणि कारखाना यांच्या आकारमानात फरक असल्यामुळे ही तुलना सरळ नाही, हे मान्य. परंतु पाणीपुरवठा यंत्रणेला तपासण्यांचे निकाल दरवर्षी ग्राहकांपर्यंत पोहोचवावे लागतात आणि मर्यादा ओलांडली गेल्यास तसे जाहीर करावे लागते. बाटलीच्या उत्पादकावर असे बंधन नाही, आणि आपले निकाल प्रशासनाकडे पाठवण्याची सक्ती करण्याचा अधिकारही प्रशासनाला नाही, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये नोंदवले होते. म्हणजे सील शाबूत असले, तरी त्या सीलमागची तपासणी आपल्याला दिसत नाही.

एका घटकाबाबत मात्र बाटलीची मर्यादा अधिक कडक आहे, आणि तो घटक म्हणजे शिसे. अमेरिकेत बाटलीतल्या पाण्यात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच शिसे चालते, तर नळाच्या पाण्यासाठी कारवाईची पातळी, म्हणजे जी ओलांडल्यावर यंत्रणेला उपाय करावे लागतात ती, दीर्घकाळ १५ मायक्रोग्रॅम होती. हा फरक जलवाहिन्यांमुळे पडला, कारण शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी जुन्या शिशाच्या नळ्यांमधून घरापर्यंत येताना दूषित होऊ शकते. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला गेला. नव्या स्रोताच्या पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया न केल्यामुळे नळ्यांमधले शिसे पाण्यात उतरले आणि घराघरांतल्या मुलांपर्यंत पोहोचले. नळाच्या पाण्याची बाजू घेणाऱ्यांनी (मीही बहुतेक वेळा ती घेतो) हे उदाहरण विसरू नये.

बाटलीतले पाणी बिघडते ते वेगळ्या वाटेने. १९९० साली पेरिए या फ्रेंच पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन सापडले आणि जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत मागवाव्या लागल्या. पाण्यात मिसळल्या जाणाऱ्या नैसर्गिक कार्बन डायऑक्साइडमध्ये बेंझीन होते आणि ते गाळणारे फिल्टर वेळेवर बदलले गेले नव्हते. २००४ साली ब्रिटनमध्ये कोका-कोलाच्या दासानी या बाटलीबंद पाण्याच्या सुमारे ५ लाख बाटल्या मागे घेण्यात आल्या, ती हकिगत अधिक विचार करायला लावणारी आहे. ते पाणी मुळात नळाचेच होते. ते शुद्ध करून त्यात कॅल्शियमचा क्षार मिसळला गेला, त्या क्षारातले ब्रोमाइड निर्जंतुकीकरणासाठी सोडलेल्या ओझोनमुळे ब्रोमेट या घातक रसायनात बदलले आणि लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडली गेली. ज्या पाण्यात काही दोष नव्हता, त्यात तो शुद्धीकरणानेच निर्माण केला. म्हणून लेबलवर झऱ्याचे चित्र कितीही मोहक असले, तरी पाण्याचा स्रोत आणि त्यावरील प्रक्रिया यांविषयीचा बारीक अक्षरांतला मजकूर आधी वाचावा.

आता बाळाविषयी. बाटलीबंद पाणी निर्जंतुक असते, हा समज चुकीचा आहे. बाळाला पावडरचे दूध देत असाल, तर पाणी नळाचे असो वा बाटलीचे, ते उकळून घ्यावे आणि ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याआधी पावडरीत मिसळावे. असे दूध पुरेसे निवल्यावरच पाजावे. मात्र उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. घरातल्या नळ्या जुन्या असतील, तर रात्रभर साचलेले पाणी आधी वाहू द्यावे, प्यायला गरम पाण्याच्या नळाचे पाणी घेऊ नये आणि एकदा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. पुरामुळे किंवा जलवाहिनी फुटल्यामुळे यंत्रणेने नळाचे पाणी न वापरण्याची सूचना दिली असेल, तर बाटलीच वापरावी. अशा वेळी माझे मत निःसंशय आपल्या चिरंजीवांच्या बाजूने आहे.

प्रश्न : उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेल्या बाटलीतले पाणी प्यावे का?

उत्तर : एखाद्या वेळी प्यायल्याने घाबरण्याचे कारण नाही, पण तशी सवय नको. बाटल्यांचे पेट (PET) प्लास्टिक बनवताना वापरलेल्या अँटिमनी या विषारी मूलद्रव्याचा अंश पाण्यात उतरतो आणि उष्णता व साठवणीचा काळ वाढला की त्याचे प्रमाण वाढते. बाटली उघडलेली असेल, तर प्लास्टिकपेक्षा तोंड लावल्याने आत गेलेल्या जिवाणूंची चिंता अधिक करावी, कारण अशा पाण्यात जंतूंना रोखणारे क्लोरीन बहुधा शिल्लक नसते.